सव्वीस वर्षं पहिलीत

बाईंच्या यजमानांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं, की ते एका डोळ्याला भिंग लावून, मान वर न करता सांगायचे, "आमची ही सव्वीस वर्षं पहिलीत आहे. पास व्हायचं नावच घेत नाही." गिऱ्हाईक गोंधळायचं. बाई तिथं असल्या तर म्हणायच्या, "अहो, तुम्ही काट्यांकडे बघा." पण मनातून त्यांना तो विनोद आवडायचा. सव्वीस वर्षं पहिलीलाच शिकवणाऱ्या त्या गावात एकट्याच होत्या, आणि ही गोष्ट कुणीतरी चारचौघांत बोलून दाखवावी, असं त्यांना वाटायचं.

खरं तर त्या पहिलीवर आल्या होत्या तीन महिन्यांसाठी. आधीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि शाळेत पहिली घ्यायला कुणी तयार होईना. पहिली म्हणजे नाकं पुसा, बुटांच्या नाड्या बांधा, कुणी आईसाठी रडायला लागलं की त्याला कडेवर घेऊन बाकीच्यांना शिकवा. चौथीच्या सरांनी तर तोंडावर सांगितलं होतं, की मी शिकवायला आलोय, पोरं सांभाळायला नाही. बाई नव्या होत्या, त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मागच्या बाकावरचं एक पोर खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी बघत होतं. बघता बघता ते पुटपुटलं, "सा... य... क... ल." आणि मग त्याने गर्रकन वळून बाईंकडे असं रागानं पाहिलं, की इतके दिवस ही पाटी माझ्यापासून लपवलीत का? बाई त्याच दिवशी हेडसरांना जाऊन म्हणाल्या, "ही खोली मी आता सोडणार नाही."

आणि सोडली नाहीच. जिन्यालगतची ती खोली, दोन खिडक्या, चौतीस मुलं, बसकी बाकं. फळा त्यांनी सुताराला सांगून पार खाली, मुलांच्या छातीपर्यंत आणून घेतला होता. मुलांचा हात पोहोचला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे स्वतः बाईंना मात्र बुटक्या स्टुलावर बसून लिहावं लागे आणि संध्याकाळी कंबर धरून उठावं लागे. बाजारात निघाल्या की त्यांची मान ताठ असे. औषधांच्या दुकानात चिठ्ठी वाचून बाटली काढून देणारा तो त्यांचा, दवाखान्यात नावं पुकारणारी नर्स ती त्यांची, आणि गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटरही त्यांचाच. त्या पाट्यांखालून जाताना बाई उगाच सावकाश चालत. पहिली म्हणजे सोपी इयत्ता असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा चौतीस जणांना वीस मिनिटं एका जागी बसवून दाखवावं. शिकवायचं तर राहू द्या, नुसतं बसवून दाखवावं.

बाईंची आणखी एक ऐट होती. पहिलीचं पुस्तक त्यांना इतकं पाठ झालं होतं, की त्यांना ते हातात धरावं लागत नसे. मुलं वाचायची, बाई खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून बाहेर बघत ऐकायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "चौथी ओळ, एक शब्द खाल्लास." नव्या शिक्षिका हे ऐकून चाट पडायच्या. बाई काहीच झालं नाही असा चेहरा करायच्या, पण चाट पडलेली माणसं त्यांच्या नजरेतून सुटत नसत.

त्या वर्षी वर्गात भिंगरी आली. हजेरीत तिचं दुसरं नाव होतं, पण एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात बाईंनी हे नाव ठेवलं आणि ते शाळाभर झालं. आणि ही भिंगरी वाचायची काय! बाकीची मुलं अजून काना-मात्रेशी झोंबत होती, तेव्हा ही ओळीखाली बोट फिरवत धडेच्या धडे घडाघडा म्हणायची, तेही आवाजाच्या चढउतारासकट. बाईंना इतकी हुशार मुलगी सव्वीस वर्षांत मिळाली नव्हती. घरी गेल्या की "आज भिंगरीनं काय केलं माहितेय?" इथूनच सुरुवात व्हायची. यजमान म्हणायचे, "दत्तक घे तिला, म्हणजे आपलं जेवण तरी वेळेवर होईल."

सुट्टीनंतर शाळेत नव्या छपाईची पुस्तकं आली. मुखपृष्ठ तेच, चित्रं तीच. सहा धड्यांचा मजकूर बदलला आहे, अशी सूचना हेडसरांनी शिक्षकांच्या खोलीत फिरवली होती. बाईंनी तिच्यावर सही केली. सही केली, सूचना वाचली नाही. मुलांना वाचायला शिकवून थकलेली माणसं कधी कधी असं करतात, आणि मग त्याची फळं भोगतात.

आठवड्यानं तपासणी अधिकारी आले. उंच, हडकुळे, खिशाला दोन पेनं. बाईंनी मोठ्या रुबाबात भिंगरीला पुढं बोलावलं. साहेबांनी आपल्या हातातल्या पुस्तकात एक पान उघडलं आणि तेच पान तिला काढायला सांगितलं. चित्रात एक ताई, एक शेळी आणि एक छत्री होती. भिंगरीनं बोट ठेवलं आणि सुरू झाली, "शेळीने छत्री खाल्ली! ताई ओरडली. शेळी पळाली. ताई मागे, शेळी पुढे..."

बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. एकही शब्द चुकला नव्हता. त्या वळल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "शाब्बास!"

साहेबांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, परत लांब धरलं. मग म्हणाले, "बाई, माझ्या पुस्तकात शेळी छत्री खात नाही."

बाईंनी पुस्तक हातात घेतलं. कित्येक वर्षांनी त्या ते पान खरोखर बघत होत्या. तिथं लिहिलं होतं, शेळी छत्रीखाली उभी आहे, ताई तिला पाला देते. छत्री खाणं शेळीला शोभत नाही असं वर कुणालातरी वाटलं असावं. भिंगरीचं बोट अजून ओळीवरच होतं. तिनं आधी साहेबांकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि आपलं काहीतरी मोठं चुकलंय एवढं तिला कळलं. ती जागेवर जाऊन बसली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच, कुणी न सांगता, शांत बसून राहिली.

साहेब वाईट माणूस नव्हते. जाताना ते बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, परीक्षेआधी मी पुन्हा येईन. कुठल्याच पुस्तकात नसलेला कागद आणीन. ज्यांना तो वाचता येणार नाही, त्यांना पुन्हा पहिलीत बसावं लागेल. नियमच आहे तसा." हेडसर मात्र साहेब फाटकाबाहेर गेल्यावर बोलले. पुढच्या वर्षी पहिली नव्या शिक्षिकेला द्यावी आणि बाईंनी आता ग्रंथालय बघावं, असं त्यांनी आडून आडून सुचवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुस्तकातली सगळी चित्रं कागद लावून झाकली आणि एकेकाला जवळ बोलावून वाचायला लावलं. तिसऱ्या तासाला हिशेब लागला. चौतीसपैकी नऊ जणांना वाचता येत नव्हतं. चित्र बघायचं, शेजाऱ्याचा सूर पकडायचा आणि बोट फिरवायचं, इतकंच त्यांना येत होतं. बाईंना लाज वाटली. नऊ मुलं डोळ्यांसमोर फसवत होती असंही नाही, त्या बिचाऱ्यांना वाटत होतं, वाचणं म्हणतात ते हेच. ऐकायला गोड लागत होतं म्हणून आपणच पाठ फिरवून ऐकत बसलो, याबद्दल त्यांना काही केल्या स्वतःला माफ करता येईना.

शाळा सुटल्यावर फाटकाशी भिंगरीची आजी भेटली. "बाई, हिची मोठी बहीण गेल्या वर्षी तुमच्याच वर्गात होती बघा," आजी सांगू लागली. "ती घरी मोठ्यानं वाचायची आणि ही शेजारी बसून ऐकायची. शाळेत यायच्या आधीच हिचं पुस्तक पाठ. आम्हाला वाटलं, पोरीला वाचताच येतंय. मला तरी कुठं येतंय, की मला फरक कळावा?" मग आजीनं आवाज खाली आणला. "साहेब पुन्हा पहिलीत बसवायचं बोलले, ते हिच्या कानावर पडलंय. पुढच्या वर्षी हिचा धाकटा भाऊ पहिलीत येतोय. काल रात्रभर घोकत होती, त्याच्या शेजारी बसवलं तर मी शाळेत पाऊलच ठेवणार नाही म्हणून. आणि ही बोलली की तसंच करते हो."

बाईंनी भिंगरीकडे पाहिलं. ती आजीच्या मागे दडली होती. "आजी," बाई म्हणाल्या, "हिला भावाच्या शेजारी बसावं लागणार नाही. मी सांगते ना."

सांगून तर बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हेडसरांच्या खोलीत जाऊन त्यांनी नऊचा आकडा सांगितला. हेडसर हबकले. "बाई, साहेबांनी एकच मुलगी पाहिलीय. बाकी आठ आपण कशाला बोलायची? वर कळवू नका."

"कळवलं. येतानाच पत्र टाकलं पेटीत."

"अहो पण..."

"सर, ग्रंथालयाचं मग बघू. आधी ही नऊ मुलं वाचती होऊ द्या."

आता प्रश्न असा, की ऐकलेलं जिच्या डोक्यातून जात नाही, तिला वाचायला शिकवायचं कसं? बाईंनी विचार केला आणि बोलणंच बंद केलं. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास मुका ठरला. त्या तासाला बाई तोंड उघडणार नाहीत, मुलंही नाहीत, जे काय असेल ते फळ्यावर. "उभे राहा." मुलं उभी राहत. "डोके बाकावर ठेवा." ठेवत. चौतीस मुलांचा वर्ग शांत कसा काय, हे बघायला हेडसर दोनदा दाराशी येऊन गेले. पण भिंगरी चलाख होती. ती शेजारणीकडे बघून उठायची, शेजारणीकडे बघून डोकं ठेवायची. पाव क्षणाचा फरक पडायचा, पण बाईंची नजर आता खिडकीबाहेर नव्हती.

मग बाईंनी चिठ्ठ्या सुरू केल्या. रोज सकाळी घड्याळाच्या दुकानात बसून चौतीस चिठ्ठ्या लिहायच्या, प्रत्येकाला वेगळी. "दाराला हात लाव." "पाच टाळ्या वाजव." "माझी पिशवी आण." यजमान कुरकुरत कागदाच्या पट्ट्या कापून द्यायचे. कुणाचं बघून काही करायची सोय उरली नाही. शाळा भरण्याआधी अर्धा तास बाई त्या नऊ जणांना फळ्यापाशी बसवून अक्षरं गिरवून घेत होत्या. महिन्याभरात सहा मुलं सुटली, मग आठ. भिंगरी मात्र चिठ्ठी मुठीत धरून बाईंच्या चेहऱ्याकडे बघत बसायची. बाईंची नजर दाराकडे वळली की दाराला हात, पिशवीकडे गेली की पिशवी हजर. बाईंनी तिला अंदाज लागू नये म्हणून छताकडे बघायला सुरुवात केली, तर तीही छताकडे बघायला लागली. तिला अक्षरं येत होती, हे बाईंना कळत होतं. पण एकदा सगळ्यांसमोर तोंडघशी पडलेली ती पोर अक्षरावर भरवसा ठेवायला तयार नव्हती.

तपासणीला तीन आठवडे राहिले. एका दुपारी बाईंनी डबा उघडला, तर पोळीवर यजमानांची चिठ्ठी. "आज संध्याकाळचा सगळा स्वयंपाक मी करणार आहे." बाई एकट्याच फणकारल्या, "मोठे आले! आजवर कधी चहाचं भांडं तरी विसळलंय?" आणि घास हातात तसाच राहिला. चिठ्ठी धडधडीत खोटी होती, म्हणून तर त्यांच्या तोंडून भांडण बाहेर पडलं होतं. हुकूम मिळाला तर माणूस दुसऱ्याकडे बघून तो पाळू शकतो. खोटं वाचून मात्र ज्याचं त्यालाच चिडावं लागतं.

दुसऱ्या दिवसापासून मुक्या तासाला चिठ्ठ्यांमधून बाई राजरोस खोटं लिहू लागल्या. "तुला शेपूट आहे." "तू आज शाळेत आला नाहीस." मुलं तोंड दाबून हसत आणि माना हलवत. पहिले तीन दिवस भिंगरीनं चिठ्ठी मुठीत दाबली आणि इतरांबरोबर खोटं खोटं हसली. चौथ्या दिवशी बाईंनी तिच्या बाकावर चिठ्ठी ठेवली आणि त्या सरळ पाठ फिरवून फळा पुसायला लागल्या.

मागे बराच वेळ काही झालं नाही. मग कुजबुज ऐकू आली. "आ... जी... ला..." थोडी शांतता. "शिं... गे..." आणखी शांतता. आणि मग बाक खडखडला.

"नाहीत! माझ्या आजीला शिंगं नाहीत! कुणी लिहिलं हे?"

मुका तास मोडला होता. भिंगरी उभी होती, डोळ्यांत पाणी, मुठीत चिठ्ठी. बाईंना तोंड उघडायची मनाई होती, नियम त्यांचाच. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, "मग काय आहे?"

भिंगरीनं फळ्याकडे पाहिलं. ओठ हलले. "म... ग... का... य..." आणि ती तावातावानं ओरडली, "अंबाडा आहे! पांढरा!"

बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी डोळे पुसले, तेही डस्टरनं. वर्ग खो खो हसला. भिंगरीसुद्धा हसली, मग चिठ्ठीकडे बघून पुन्हा एकदा चिडली. त्या संध्याकाळी बाईंनी दुकानात जाऊन यजमानांना सांगितलं, "स्वयंपाक खरंच तुम्ही करा. आज माझा हात कशाला लागणार नाही. मी फार खूश आहे." आणि यजमानांनी केला. तो कसा झाला होता, ते विचारू नये.

साहेब ठरल्या दिवशी आले. सोबत हेडसर, हातात एकच छापील कागद, चित्राशिवाय. आठ मुलांनी तो बरा वाचला. शेवटी भिंगरी उठली. साहेबांना ती आठवत होती, तेव्हा ते हसून म्हणाले, "बस इथं. घाई करू नकोस."

भिंगरीनं घाई केली नाही. गेल्या वेळी जी घडाघडा बोलत सुटली होती, ती आता एकेका शब्दापाशी थांबत होती. "दा... रा... वर... टक... टक... झाली." श्वास. "आ... जी... उठली." साहेबांच्या कपाळावर आठी आली. ते हलकेच बाईंकडे वाकले, "बाई, गेल्या वेळी तर केवढी सुरेख वाचत होती."

"तेव्हा ती म्हणत होती, साहेब," बाई तितक्याच हळू म्हणाल्या. "वाचतेय ती आज." आणि एवढं बोलताना त्यांना इतका अभिमान वाटला, की सव्वीस वर्षांत कुणाच्या अस्खलित वाचनानं तेवढा वाटला नव्हता. त्या अडखळण्यातला एक एक शब्द त्या पोरीनं स्वतः कमावला होता.

"तिने... दार... उघ... डले. दा... रात... कोणी... नव्... नव्हते. आ... जी... हसली." मजकूर संपला. साहेबांनी पेन काढलं आणि यादीत तिच्या नावापुढं खूण करायला ते वाकले. भिंगरी जागची उठली नाही. ती कागदाकडेच बघत होती.

"साहेब," ती म्हणाली, "मग टकटक कोणी केली?"

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. "काय?"

"दारात कोणी नव्हतं ना? मग टकटक कोणी केली? आणि ती हसली कशाला?"

साहेबांनी कागद हातात घेतला. वरून खाली वाचला. मग उलटवून मागची कोरी बाजू पाहिली. त्यांनी हेडसरांकडे पाहिलं, तर हेडसर छताकडे बघायला लागले. "अकरा शाळांत वाचून घेतला मी हा," साहेब हळूच म्हणाले, "दोनशेच्या वर मुलांनी वाचला. हे कुणी विचारलं नाही." मग ते तिच्याकडे वळले आणि मोकळेपणानं म्हणाले, "मला माहीत नाही गं. ते लिहिलेलं नाहीये."

काहीतरी बोलावं असं बाईंना वाटलं, पण बोलायला भिंगरीनं सवडच ठेवली नाही. साहेबांच्या शब्दावर तिचा मुळीच विश्वास बसला नव्हता. तिनं हात पुढं केला, साहेबांच्या हातातून कागद काढून घेतला, तो बाकावर नीट सपाट केला आणि टकटक करणारा सापडतो का ते बघायला पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला लागली. पेन हातात तसंच धरलेले साहेब, हेडसर आणि चौतीसचा वर्ग तिचं होईपर्यंत थांबून राहिला.